घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? आधी एक वही घ्या

मी आयटीतला माणूस नाही. सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. पण गेल्या दीड वर्षात घरातली, नात्यातली आणि ओळखीतली मिळून सात मशीन विंडोजवरून लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमवर, आणली. त्यातली दोन पुन्हा विंडोजवर गेली, आणि हे लिहितोय ते जास्त करून त्या दोनांमुळे.

सुरुवात वडिलांच्या लॅपटॉपपासून झाली. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. लॅपटॉप धडधाकट, पण वयोमानाप्रमाणे सेवानिवृत्त. नाशिकरोडच्या प्रेसमधून स्वतः रिटायर झालेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे अवघडच.

मी व्हिडिओ बघून एक देखणं लिनक्स टाकलं. वडिलांनी सकाळी पेपर उघडला, वाचला, आणि सोसायटीला पत्र लिहायचं म्हणून पेपरची खिडकी खाली ठेवायला गेले. खाली ठेवायचं बटणच नव्हतं. कोपऱ्यात नुसती फुली. फुली मारली, पेपर बंद. पुन्हा उघडला, पुन्हा फुली. चौथ्या खेपेला चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अरे, मला हे बंद नाही करायचं. बाजूला ठेवायचंय."

दोष त्या लिनक्सचा नव्हता, निवड माझी चुकली होती. लिनक्सवर आतलं इंजिन एक आणि समोर दिसणारी मांडणी वेगळी, ती आपण निवडायची असते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. त्या मांडणीला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. तुम्ही माझ्यासारखं उलट्या क्रमाने जाऊ नका.

१. आठ दिवस वही लिहा

लिनक्स डाउनलोड करण्याआधी, ज्याचं मशीन आहे त्याच्याजवळ एक वही ठेवा. आठ दिवस कॉम्प्युटरवर जे जे केलं ते लिहायचं. "इंटरनेट बघितलं" असं मोघम नको. "विजेचं बिल भरलं, पावती प्रिंट केली", "व्हॉट्सॲपवर आलेला पीडीएफ उघडून सही करून परत पाठवला" असं लिहा.

वडिलांच्या वहीत निघालं ते असं: ई-पेपर, यूट्यूबवर नाट्यसंगीत, सोसायटीची मराठी पत्रं, बँकेचं स्टेटमेंट, दिंडोरीच्या जमिनीचा सातबारा उतरवून प्रिंट, नातवाचे फोटो मोबाइलवरून घेणं, आणि रोज संध्याकाळी पत्ते. पत्ते मी विसरलोच असतो. लिनक्समध्ये सॉलिटेअर मिळतं, पण वेगळं टाकावं लागतं, आणि ते नसतं तर पहिल्याच संध्याकाळी माझा उद्धार झाला असता.

महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच होणारी कामंही विचारून घ्या. इन्कम टॅक्स, मुलांचे प्रवेश अर्ज, पेन्शनचा हयातीचा दाखला. घोडं अडतं ते इथेच.

२. वहीवर तीन खुणा करा

ब्राउझरमध्ये होणाऱ्या कामापुढे टिक करा. बँक, सातबारा, आपले सरकार, व्हॉट्सॲप वेब, मेल, यूट्यूब ही सगळी कामं फायरफॉक्समध्ये किंवा क्रोममध्ये होतात. तिथे खाली विंडोज आहे की लिनक्स, कोणी विचारत नाही.

लिनक्सवर दुसरं सॉफ्टवेअर आहे अशा कामापुढे गोल करा. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस, फोटो बघायला, पीडीएफ वाचायला, स्कॅन करायला आपापली सॉफ्टवेअर आहेत. लिबरऑफिस वर्डची डॉकएक्स फाइल उघडतं, पण गुंतागुंतीचे तक्ते असतील तर ओळी सरकतात. दुसऱ्याला पाठवायची फाइल पीडीएफ करूनच पाठवा.

फुली कशावर मारायची? टॅली, ऑटोकॅड, कोरल ड्रॉ, मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइल, जीएसटीचं ऑफलाइन टूल. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनवर निदान प्रश्नचिन्ह. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतोही, पण टोकन, सही करून देणारं छोटं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर या तिघांचं जमवताना रिटर्नची शेवटची तारीख निघून जाते. परत गेलेल्या दोन मशीनपैकी एक याच कारणाने गेलं. ते माझ्या मावसभावाचं, तो हिशेबाची कामं करतो.

वाइन नावाच्या सोयीने विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात. गंमत म्हणून बघा, पोटापाण्याचं काम त्याच्यावर टाकू नका. वहीत एक जरी पक्की फुली असेल आणि ते काम रोजचं असेल, तर इथेच थांबा. आमच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या मशीनला मी बोटसुद्धा लावलेलं नाही.

३. डेस्कटॉप निवडा, मग लिनक्स

रोजच्या वापरणाऱ्याला डेस्कटॉपकडून फार काही नको असतं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे वायफाय, आवाज, बॅटरी आणि घड्याळ. खिडकी बाजूला ठेवायचं बटण. पटलावर दोन-चार फोल्डर. आणि उद्या सकाळी हे सगळं कालच्याच जागी. स्वयंपाकघरात कोणी डबे हलवले की काय होतं ते आठवा.

ग्नोम नावाचा डेस्कटॉप सुबक आहे, पण त्याच्या मूळ रूपात पटल रिकामं असतं आणि खिडकीला फक्त फुली. हे मुद्दाम तसं केलेलं आहे आणि तरुणांना ते पटकन जमतं. उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार त्यात डावीकडे पट्टी आणि राहिलेली बटणं घालून देतं. केडीई प्लाझ्मा विंडोजसारखं दिसतं, पण त्यात सेटिंग्ज इतकी की माझ्यासारखा माणूस रविवार घालवतो. एक्सएफसीई साधं, हलकं, रॅम कमी असेल तर उत्तम.

मी घरच्यांसाठी सिनॅमन निवडतो. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि जुनी ओळखीची मांडणी गेली. तेव्हा नाराज झालेल्यांपैकी काहींनी जुनं ग्नोम २ मेट या नावाने पुढे चालू ठेवलं, आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या आणखी एका प्रकारावर काम करणाऱ्यांनी सिनॅमन उभं केलं. "डबे होते तिथेच राहू द्या" म्हणणाऱ्यांचंच हे काम, त्यामुळे वडिलांचं आणि त्यांचं जमलं.

मिंटच्या सिनॅमन, मेट आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या मिळतात. ४ जीबी रॅमवर सिनॅमन चालतं, त्याखाली एक्सएफसीई घ्या. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे दरवर्षी उचकपाचक नाही.

४. सामान आणि कागद

- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह. त्यावरचं सगळं पुसलं जाणार. ओळखीच्या दुकानातून घ्या, ३२ जीबी लिहिलेले आणि आत भलतंच निघणारे बाजारात असतात.
- मिंटची आयएसओ फाइल (अख्खं मिंट एका फाइलमध्ये), त्यांच्याच साइटवरून. साधारण ३ जीबी.
- पेनड्राइव्ह तयार करायला रूफस किंवा बलेना एचर. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.
- डेटाची प्रत ठेवायला बाहेरची हार्डडिस्क.
- मोबाइल आणि त्याची डेटा केबल. कशाला ते पुढे.
- कागदावर लिहून: वायफायचा पासवर्ड, मेलचे पासवर्ड, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की.

बिटलॉकर कोणी मुद्दाम चालू केलेलं नसतं, पण अलीकडच्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू असू शकतं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज ती की मागतं, आणि तेव्हा शोधाशोध करण्यात अर्थ नसतो.

जमलं तर एक सल्ला ऐका. जुना लॅपटॉप असेल तर आतली हार्डडिस्क काढून नवीन एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा आणि लिनक्स त्यावर टाका. जुनी डिस्क विंडोजसकट कपाटात. नाहीच पटलं तर पुन्हा लावायची, अर्ध्या तासाचं काम. शिवाय जुन्या मशीनला एसएसडीने जो फरक पडतो तो कुठल्याच सॉफ्टवेअरने पडत नाही. वडील अजून समजतात की तो वेग लिनक्सचा. मी काही बोलत नाही.

५. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा

लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेनूची की दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९ किंवा आधी एस्केप. काही मशीनवर हा मेनू बायोसमधून आधी चालू करावा लागतो.

मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडतं, डिस्कला हात न लावता. हळू चालेल, तो हळूपणा पेनड्राइव्हचा आहे. घाई न करता हे तपासा: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, हेडफोन, कॅमेरा, माइक, ब्राइटनेसची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं. मग झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा. जागं झालं तर निम्मी लढाई जिंकलीत. शेवटी घरचा प्रिंटर लावून एक पान काढून बघा.

वायफाय दिसलंच नाही तर मोबाइल केबलने जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट बहुतेक लगेच येतं. मग मेनूतल्या ड्रायव्हर मॅनेजरला वायफायचा ड्रायव्हर शोधू द्या. तो तिथेही सापडला नाही तर छोटं यूएसबी वायफाय घ्यायचं की नाद सोडायचा, ते आत्ताच ठरवा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज रेड किंवा आरएसटीवर आहे का बघा. ते एएचसीआयवर आणावं लागतं, पण तसं केल्यावर जुनं विंडोज उघडताना अडू शकतं, म्हणून डेटा आधी काढून घ्या.

६. इन्स्टॉल, आणि ई ड्राइव्हची गोष्ट

पटलावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा आयकॉन असतो. त्यातले बहुतेक प्रश्न सोपे आहेत. कीबोर्डला इंग्लिश (यूएस) निवडा. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. टाइमझोन कोलकाता.

जीव मुठीत धरून वाचायचा प्रश्न एकच: 'इरेज डिस्क'. यात अख्खी डिस्क पुसली जाते. आपल्याकडे दुकानदार एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देतात आणि "सीमध्ये विंडोज, तुमचं सामान डीत ठेवा" म्हणतात. त्यामुळे आपल्याला वाटतं फॉरमॅट म्हणजे फक्त सी.

माझ्या मेहुण्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, माल निर्यातीला जातो. कुठल्या प्लॉटवर कधी काय फवारलं याच्या तीन हंगामांच्या नोंदी एक्सेलमध्ये. मी त्याचं मशीन लावून दिलं, चहा घेतला, आणि तो म्हणाला, "आता ई ड्राइव्ह उघड." मी म्हटलं, कुठला ई ड्राइव्ह? "सीच उडवणार होतास ना?" माझ्या हातातला कप हातातच. नोंदी वाचल्या, कारण निर्यातदाराला मेल केलेल्या होत्या. लग्नाचे फोटो बहिणीच्या मोबाइलवर होते तेवढेच उरले. आता कोणाचंही मशीन घेताना मी सी, डी, ई उघडून मालकाच्या समोर प्रत काढतो आणि त्याच्याकडून दोन-चार फाइल उघडून घेतो.

विंडोजही ठेवायचं असेल तर 'इन्स्टॉल अलाँगसाइड' आहे. त्यात दोन खोड्या लक्षात ठेवा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं नाही तर लिनक्समधून विंडोजच्या फाइल वाचता येतात पण लिहिता येत नाहीत. आणि घड्याळ साडेपाच तास पुढेमागे होतं, कारण मशीनच्या आतल्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स जागतिक. बॅटरी बदलायला धावू नका, लिनक्सला आतलं घड्याळ स्थानिक वेळेचं आहे असं सांगणारी एक ओळीची कमांड आहे. वयस्कर माणसांच्या मशीनवर मात्र दोन-दोन सिस्टिम ठेवू नका. चालू करताना येणारा तो काळा मेनू बघूनच फोन येतो.

७. मराठी

इथे थोडा वेळ काढा, कारण यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ ही पायरी गाळतात.

इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर प्रश्नच नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट, तिथे अधिक चिन्ह, आणि यादीतून 'मराठी (एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट)'. इंग्रजी वर, मराठी खाली ठेवा. मराठी वर राहिली तर पासवर्डच्या चौकटीत देवनागरी उमटते, तीही ठिपक्यांच्या मागे, आणि पासवर्ड बरोबर असून आत जाता येत नाही. खालच्या पट्टीवर भाषेची खूण दिसते, त्यावर क्लिक करून भाषा बदलायची किंवा शॉर्टकट लावायचा.

'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतला ऱ कसा काढायचा हे मला तिघांनी विचारलंय. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी म्हणजे हलन्त, मग पुढचं अक्षर. नुसता र घेतलात तर 'दर्या' होतं.

इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी मेनूतल्या 'इनपुट मेथड'मधून आयबस आणि त्याचा एम१७एन हा भाग टाका, मग मराठीत फोनेटिक किंवा आयट्रान्स मिळतं. मोबाइलसारखं शब्द सुचवणारं काही अपेक्षू नका.

लिबरऑफिसमध्ये सेटिंगच्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मग ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. अक्षराच्या खिडकीत इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि मराठीचा वेगळा असतो. "साइज वाढवली तरी अक्षर तेवढंच" ही तक्रार त्यातून येते.

आता परत गेलेलं दुसरं मशीन. सिडकोतल्या एका टायपिंग सेंटरचं. त्यांच्याकडे वीस वर्षांचा मजकूर श्रीलिपी आणि कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. तसल्या फाइलमध्ये आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवलेली असतात. फॉन्ट नसेल तर नुसता कचरा दिसतो. फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली तर वाचता येतं, पण त्यात नवीन टाइप करायचं तर जुनं कीबोर्ड सॉफ्टवेअर लागतं, आणि ते विंडोजचं. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण प्रत्येक पान तपासावं लागतं. ताईंनी एक पान तपासलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी मुकाट्याने विंडोज परत टाकून दिलं.

मेनू मराठीत करायचा का? मी करत नाही. भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही, आणि अडल्यावर नेटवर शोधायचं तर इंग्रजी नावं समोर असलेली बरी.

८. पहिल्या तासात

खालच्या पट्टीवर ढाल दिसते, तो अपडेट मॅनेजर. सगळे अपडेट घ्या. मग टाइमशिफ्ट चालू करा. काही बिघडलं तर सिस्टिम आधीच्या दिवसावर नेता येते. पण टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि पत्रं सांभाळत नाही. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी.

प्रिंटर एचपीचा असेल तर तो चालवणारं एचपीलिप हे सॉफ्टवेअर बघा. लेझरजेट १०२० किंवा एम१००५ सारख्या मॉडेलना वेगळं प्लगइन उतरवावं लागतं, नाहीतर प्रिंटर दिसतो पण कागद हलत नाही. नेटवर्कवर असणारे अलीकडचे प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच सॉफ्टवेअर घ्या. वेबसाइटवरून सेटअप उतरवून डबल क्लिक करायची सवय इथे सोडायची. 'वेब ॲप्स' नावाचं एक छोटं साधन आहे, त्याने व्हॉट्सॲप वेब आणि ई-पेपर यांचे स्वतंत्र आयकॉन करा. वडिलांना ब्राउझर म्हणजे काय हे आता माहीत नसलं तरी चालतं.

९. हातात देताना

दोन बदल करूनच द्या. 'फॉन्ट सिलेक्शन'मध्ये अक्षरांचं प्रमाण १.२ करा, डोळ्यांना बरं. आणि खालच्या पट्टीवर उघड्या खिडक्यांचं नुसतं चित्र दिसतं, त्यावर उजवं क्लिक करून ॲप्लेटच्या सेटिंगमध्ये खिडकीचं नाव दाखवायला सांगा. "बाजूला ठेवलेलं" कुठे गेलं हे मग वाचता येतं.

कागदावर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा: बंद कसं करायचं, मराठी कशी बदलायची, प्रिंट कुठून, ढालीवर ठिपका आला तर काय करायचं, आणि तुमचा फोन नंबर. पहिला आठवडा फोन येतील. ऑफिसात असाल तरी उचला. मला तिसऱ्या दिवशी दुपारी आला, मी चलनं तपासत होतो. "ठिपका आलाय." मी म्हटलं, दाबा, पासवर्ड टाका, चहा घ्या. त्यानंतर ठिपक्याचा फोन आलेला नाही, पत्त्यांचा मात्र येतो.